पन्हाळा रस्त्यावरचं एअरसॉफ्ट टीम-ट्रेनिंग : जोडीनं खेळायला शिकायचं असेल तर डोळे झाकून जा, खोल्यांत शिरायच्या सरावासाठी थांबा

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकचे बारीक गोळे मारणाऱ्या नकली बंदुकांचा टीमनं खेळायचा खेळ. कोल्हापूरजवळ त्याचं जे ट्रेनिंग चालतं, त्याचा निकाल आधी सांगतो. पाच-सहा जणांची ठरलेली टीम असेल तर हे दोन दिवसांचं ट्रेनिंग घ्याच. एकटेच जाणार असाल तर निम्मे पैसे वाया जातील, कारण इथलं सगळं शिक्षण जोडीवर उभं आहे आणि ती जोडी परत गेल्यावर तुमच्यासोबत नसेल. आणि खोल्याखोल्यांत शिरून खेळायचं एवढंच शिकायला जाणार असाल, तर सध्या तरी नको.

जागा वाघबीळच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. जांभ्याचा उघडा माळ, मधे करवंदीच्या जाळ्या, खालच्या अंगाला उतार आणि त्याला लागून ऊस. माळावर प्लायवूडचे आडोसे, जुनी टायरं, पाण्याची रिकामी टाकी आणि बिनछपराच्या चार खोल्या. फी माणशी 2,800 रुपये. त्यात भाड्याची बंदूक, प्रत्येकी 120 बीबीची (बीबी म्हणजे तेच प्लास्टिकचे गोळे) दोन मॅगझिन, 1,000 बीबी, गॉगल, तोंडाची जाळी आणि दोन्ही दिवस दुपारचं जेवण. गुडघ्यांचे पॅड मात्र यात धरलेले नाहीत. जांभ्यावर गुडघा टेकायचा म्हणजे पॅड लागणारच, तेव्हा ते घरून न्या.

पहिला तास बीबीचा वेग मोजण्यात आणि सुरक्षिततेत जातो. अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो, पण मैदान किती शिस्तीचं आहे ते याच तासात कळतं. इथली मर्यादा 1.14 जूल (सुटणाऱ्या बीबीची ऊर्जा). हा आकडा 0.20 ग्रॅमची बीबी सेकंदाला 350 फूट गेली की येतो. बऱ्याच ठिकाणी मोजतात 0.20 ग्रॅमच्या बीबीनं आणि खेळताना मॅगझिनमध्ये भरतात 0.28. स्प्रिंगच्या इलेक्ट्रिक बंदुकीत त्यानं फारसं बिघडत नाही, गॅसच्या बंदुकीत बिघडतं. जड बीबी नळीत जास्त वेळ राहते, तिच्यामागे गॅस जास्त वेळ ढकलत राहतो आणि ऊर्जा मर्यादेच्या वर जाते. म्हणून ज्या बीबीनं खेळायचं तिनंच मोजायचं, आणि फूट न बघता जूल बघायचे. इथे तेच करतात. 0.28 ग्रॅमला त्याच ऊर्जेचा वेग साधारण 296 फूट येतो. यंत्रावर 320 दिसलं की ती बंदूक बाजूला जाते, मग ती पाहुण्याची असो की मैदानाची. मोजून झालं की बंदुकीला रंगीत झिप-टाय लावतात. दुपारी परत एकदा, न सांगता, दोन-तीन बंदुका उचलून तपासतात. या भागाला पैकीच्या पैकी.

गॉगलबाबतीत मात्र कमी पडतात. भाड्याचे गॉगल एकेरी काचेचे आहेत. आदळणारी बीबी सोसण्याइतके ते मजबूत आहेत, कडेवर झेड 87+ ही (आघात सोसणाऱ्या चष्म्यांची अमेरिकी) खूणही आहे आणि चेहऱ्याला चारी बाजूंनी नीट बसतात. पण सकाळी माळावर गारवा असतो, अंगात पळाल्याची ऊब असते आणि पाचव्या मिनिटाला आतून वाफ धरते. मग माणूस बोट आत घालून पुसायला जातो, आणि हाच या खेळातला सगळ्यात मोठा धोका. खेळ चालू असताना गॉगल चेहऱ्यावरून अर्धा इंचही उचलायचा नाही, काहीही दिसत नसलं तरी. हात वर करायचा, "आंधळा" म्हणून ओरडायचं, मार्शलची, म्हणजे मैदानावरच्या पंचाची, शिट्टी व्हायची वाट बघायची. दुहेरी काचेचा गॉगल स्वतःचा घेतलात तर हा प्रश्नच येत नाही. तोवर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ कापडानं पुसून काढा, तासभर निभतं. खोल ओरखडा पडलेली किंवा जवळून मार बसलेली काच परत वापरायची नाही. तारेच्या जाळीचे गॉगल तर आणूच नका. बीबी फुटली की तिचे तुकडे जाळीतून आत येतात.

त्यानंतर हॉप-अप. नळीच्या सुरुवातीला असलेलं रबर बीबीला उलटी फिरकी देतं, त्या फिरकीनं ती तरंगत लांब जाते. जास्त लावलं की बीबी शेवटी वर उडते, कमी लावलं की वीस मीटरवर मान टाकते. इथे 30 मीटरवर पत्र्याचा डबा ठेवून प्रत्येकाला आपली बंदूक लावायला सांगतात. रबर थोडं गरम झाल्याशिवाय बीबी एकसारख्या जात नाहीत, म्हणून पहिल्या वीस-पंचवीस सोडून द्यायच्या आणि मगच चक्री फिरवायची. एका वेळी अगदी थोडी फिरवून पाच बीबी मारायच्या. बीबीचं वजन बदललं की हे सगळं पुन्हा. माळावर वारा कायम असतो, त्यात 0.20 ची बीबी कुठल्या कुठे जाते. 0.28 आग्रहानं मागून घ्या. मैदानाकडे दोन्ही असतात, पण विचारल्याशिवाय हलकीच हातात येते.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी साडेदहापासून जेवणापर्यंत बंदुका टेबलावर ठेवून देतात. हातात बांबूची दोन-अडीच फुटी काठी. याच दोन-अडीच तासांसाठी फी भरायची, असं आम्ही म्हणू.

जोडी म्हणजे दोन माणसं, पाच ते सात मीटर अंतरावर, एकमेकांना दिसतील अशी. याहून जवळ आली की समोरच्याच्या एका फैरीत दोघंही जातात. लांब गेली की ओरडून बोलावं लागतं आणि मधे कोण शिरला ते कळत नाही. एक हलतो तेव्हा दुसरा थांबून समोर नेम धरून असतो. हलण्याआधी "निघतो", उत्तर आल्याशिवाय पाऊल नाही. उत्तर "धरलंय". पोचलो की "पोचलो". बस, तीन शब्द. सगळ्यात जास्त चुका मधल्या शब्दावर होतात. निघणारा "निघतो" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता सुटतो. त्या वेळी जोडीदार मॅगझिन बदलत असतो, दोघांपैकी कुणीच समोर बघत नसतं. शिकवणारे इथे कसलीच सवलत देत नाहीत. उत्तराशिवाय हललेली जोडी परत सुरुवातीच्या दोरीवर.

धाव किती लांबीची, याला त्यांनी साधं माप ठेवलंय. धावताना मनात म्हणायचं : "उठलो, दिसलो, बसलो". तिसऱ्या शब्दाला गुडघा जमिनीवर हवा. हे तीन सेकंद. उठायला आणि बसायला लागणारा वेळ वजा जाता त्यात आठ ते दहा मीटर होतात. म्हणजे पुढचा आडोसा दहा मीटरच्या पलीकडे असेल तर एका दमात तिकडे जायचं नाही, मधे झोपायला सरी किंवा खड्डा शोधायचा. या तीन सेकंदांमागे हिशेब आहे. 1.14 जूलनं सुटलेल्या 0.28 ग्रॅमच्या बीबीला 40 मीटर जायला साधारण पाऊण सेकंद लागतो. माणसानं बघायचं, बंदूक वळवायची, दाबायचं आणि बीबी पोचायची, यात दोन-अडीच सेकंद सहज जातात. समोरचा आधीच तुमच्या रेषेत नेम धरून बसला असेल तर मात्र हा हिशेब कोसळतो. म्हणून ज्या आडोशाच्या ज्या कडेनं एकदा डोकावलं, त्याच कडेनं निघायचं नाही. हे माळावर करून दाखवतात, आणि करून बघितल्यावरच पटतं.

जोडीची पुढे सरकायची रीत दोन प्रकारची शिकवतात. पहिल्या रीतीत पुढचा जातो, बसतो, आणि मागचा त्याच्या बरोबरीला येऊन थांबतो. सावकाश, पण दोघांची रेघ सरळ राहते. दुसऱ्या रीतीत मागचा पुढच्याला ओलांडून पुढे जातो. ही भराभर होते, पण ओलांडताना जोडीदाराच्या नळीसमोरून जायची भीती असते. त्यासाठी नियम एकच : आपली बाजू सोडायची नाही. डावा कायम डावीकडून, उजवा उजवीकडून. नवख्या टीमनं पहिलीच रीत पकडावी. शत्रू कुठे आहे हे माहीत नसताना दुसरी रीत वापरली की पुढचा माणूस एकटा पडतो आणि मागच्याला त्याच्यावर कुणी मारलं तेही दिसत नाही.

आडोशामागे बसण्याची पद्धतही नीट बसवून घेतात. प्लायवूडला चिकटून बसायचं नाही, हातभर मागे. चिकटलं की नळी बाहेर डोकावते, समोरच्याला आयता पत्ता मिळतो, आणि स्वतःला कडेपलीकडचं कमी दिसतं. वरून डोकं काढायचं नाही, बाजूनं झुकायचं, आणि डाव्या कडेनं झुकताना बंदूक डाव्या खांद्याला घ्यायची. उजव्या खांद्यावर ठेवून डावीकडून झुकलं की अर्धं अंग बाहेर येतं. खांदा बदलायला पहिल्या दिवशी सगळेच नाखूश असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटं याचाच सराव असतो, ते फार बरं केलंय.

शिकवणाऱ्या दोघांपैकी एक माजी सैनिक आहेत. आपल्या जिल्ह्याला ते नवं नाही, सैनिक टाकळीसारखी गावंच आहेत इथे. पण नुसतं लष्करी शिक्षण तसंच्या तसं उचलून या खेळात आणलं की ते चुकतं, आणि ती चूक इथे होत नाही. खऱ्या गोळीपासून झुडूप वाचवत नाही, ते फक्त लपवतं. एअरसॉफ्टची बीबी मात्र करवंदीच्या चार पानांना लागली की वळते किंवा खाली पडते. म्हणजे लष्करात जी नुसती आड असते तीच इथे बऱ्याचदा आडोसा होते. याची दुसरी बाजू अशी की झुडपाच्या आतून मारलेली तुमची बीबीही बाहेर जात नाही. नवखे जाळीत घुसून बसतात, मॅगझिन रिकामं करतात आणि "लागतच नाही, समोरचा मान्य करत नाही" म्हणून चिडतात. नळीच्या पुढे मोकळी फट आहे का ते आधी बघा. तसंच लष्करातली शंभर-दोनशे मीटरची अंतरं इथे निरुपयोगी. खेळ 45 मीटरच्या आत होतो. त्यामुळे 60 मीटरवरून उभ्यानं चालत जाता येतं, आणि 40 मीटरवर आल्यावर अचानक सगळं बदलतं. ती अदृश्य रेघ ओळखायला शिकवण्यासाठी ते माळावर चुन्याच्या रेघा मारतात. सोपी युक्ती आहे, फार उपयोगी आहे.

बोलण्यावर अजून वेळ द्यायला हवा होता. दिशा घड्याळावर सांगायची एवढं शिकवतात, पण बारा कुठे हे प्रत्येकजण आपल्या नाकासमोर धरतो आणि तीन जणांचे तीन बारा होतात. टीम ज्या दिशेनं पुढे चाललीय ती दिशा बारा, तोंड कुठेही असो, हे एकदा सांगून भागत नाही, ते दहा वेळा घोटून घ्यावं लागतं. त्याहून बरा उपाय म्हणजे खेळ सुरू होण्याआधी मैदानावरच्या ठळक गोष्टींना नावं देणं : टाकी, टायर, मोठी जाळी, बांध. "टाकीच्या उजवीकडे, तीस मीटर, दोघं" यात जागा, अंतर, किती, तिन्ही आलं. "अरे तिकडं हाय बघ, तिकडं" यात काहीच आलं नाही, आणि खेळाच्या भरात आपल्याकडची दहातली आठ पोरं हेच ओरडतात. पेठेतल्या फुटबॉलवर वाढलेली पोरं यात लवकर तयार होतात, कारण मैदानात हाक मारायची सवय असते. पण तीच पोरं गप्प राहायची वेळ आली की अडतात. बगलेवरून निघालेल्या जोडीनं एक अक्षर बोलायचं नसतं. हातवाऱ्यांवर वेगळा सराव हवा होता, तो इथे उरकून टाकलाय. थांब, खाली, बघ, इतके, ये एवढ्या पाच खुणा टीमनं आपल्या आपण पक्क्या करून जाव्यात.

शनिवारी दुपारी सहा जणांची चाल. तीन जोड्या. एक जोडी समोरून शत्रूला जागेवर दाबून धरते, दोन जोड्या उतारावरून बगलेला जातात. नेता दाबून धरणाऱ्या जोडीत नसतो, सगळ्यात पुढेही नसतो. तो बगलेच्या दोनपैकी मागच्या जोडीत, जिथून दोन्हीकडची हाक ऐकू येते. कागदावर सोपं. मैदानावर फसतं ते बीबींच्या हिशेबावर. इलेक्ट्रिक बंदूक ऑटोवर (घोडा दाबून धरला की सलग) सेकंदाला पंधराच्या आसपास बीबी टाकते. 120 चं मॅगझिन आठ सेकंदांत संपलं. बगलेला जायला तीन-चार मिनिटं लागतात. म्हणजे दाबून धरणारी जोडी पहिल्या मिनिटातच दोन्ही मॅगझिन संपवून गप्प बसते, शत्रू मान वर करतो आणि बगलेची जोडी उघड्यावर सापडते.

इथे त्यावर शिकवतात ते असं. बंदुकीचा सिलेक्टर सिंगलवर, म्हणजे एका दाबाला एकच बीबी. दोन बीबी, मग मनात पाच मोजायचे, मग दोन. एक मॅगझिन पाच मिनिटं पुरतं, आणि दोघांनी आलटून पालटून मारलं तर दहा. प्रत्येक वेळी आडोशाची वेगळी कड. समोरच्याला लागलं नाही तरी चालतं, त्याला डोकं वर काढायची हिंमत होऊ नये एवढंच काम. बगलेची जोडी पोचली की शिट्टीची एक लांब हाक. ती ऐकू आली की दाबणाऱ्या जोडीनं मारणं लगेच थांबवायचं, नाहीतर आपल्याच माणसांना लागतं. आम्हाला या भागात एकच उणीव दिसली : शिट्टी ऐकू आली नाही तर काय, याचं उत्तर दिलं जात नाही. वारा उलटा असला की ती ऐकू येत नाहीच. टीमनं घड्याळावर वेळ ठरवून ठेवावी, निघाल्यापासून चार मिनिटांनी थांबायचं, शिट्टी असो वा नसो.

माघारीचा सराव मात्र मनापासून घेतात. पन्हाळ्याच्या वाटेवर पिछाडी राखायचा विषय निघाला की जुलै 1660 ची घोडखिंड आणि बाजीप्रभू आठवल्याशिवाय कोल्हापूरकर पुढे जात नाही. शिकवणाऱ्यांनी त्यातलं कामाचं तेवढं उचललंय. अरुंद जागा निवडली म्हणून थोड्यांना जास्तांना अडवता आलं, आणि परंपरेनं सांगतात तसं विशाळगडावरच्या तोफांचे बार हीच कामगिरी पुरी झाल्याची खूण होती. खेळात मागे राहणाऱ्या जोडीला हीच दोन उत्तरं आधी लागतात : कुठे अडवायचं आणि कुठल्या खुणेवर सोडायचं. ही खूण ठरवली नाही तर मागची जोडी एकतर लवकर पळते नाहीतर तिथेच संपते. उताराच्या तोंडाशी दोन जाळ्यांमधल्या आठ-नऊ फुटांच्या वाटेवर हा सराव घेतात. जागा अचूक निवडली आहे.

आता कच्चा भाग. रविवारी सकाळी खोल्या. एक तास, चार खोल्या, सगळे मिळून वीसेक माणसं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन प्रवेश. त्यातही थेट चौघांनी धडकून आत शिरायचं शिकवतात. हे उलटं आहे. आधी दाराबाहेर राहून कोन कापायला शिकवायला हवं : दाराच्या चौकटीपासून हातभर लांब उभं राहून, अर्धवर्तुळावर पाऊलभर सरकत, खोलीचा एकेक तुकडा बघत जायचं. असं केलं की आत पाय टाकण्याआधी दाराच्या भिंतीकडचे कोपरे सोडून जवळजवळ सगळी खोली बघून होते. मग फक्त त्या कोपऱ्यांसाठी आत जायचं, आणि दोघांनीच. दार भिंतीच्या मधोमध आहे की कोपऱ्याला, यावर पहिल्या माणसानं कुठे वळायचं ते ठरतं. मधोमध असेल तर न दिसलेले कोपरे दोन, पहिला एका बाजूला, दुसरा उलट बाजूला. कोपऱ्याला असेल तर एकच. यातलं काहीच सांगितलं जात नाही. परिणाम असा की दारात चौघांची गर्दी होते, पहिला थबकतो, मागचे त्याला ढकलतात, आणि आतला एकटा माणूस चौघांना बाद करतो. दारात थांबायचं नाही हा एक नियम जरी घोटून घेतला असता तरी निम्मं काम झालं असतं. शिवाय भिंती खांद्याएवढ्याच उंच आहेत. वरून हात काढून न बघता मारणं सहज होतं, आणि ते धोक्याचं आहे. मार्शल ओरडतात, पण भिंती वाढवणं हाच उपाय. खोल्यांत फक्त सिंगल, आणि तीन मीटरच्या आत आलेल्याला न मारता "सोड" म्हणून बाद करायचं, हे दोन नियम आहेत आणि पाळले जातात, तेवढं बरं.

रविवार दुपारचे सामने चांगले होतात. झेंडा, पाडाव राखणं, एकदा जखमी उचलून आणणं. लागलं की "लागली" म्हणून मोठ्यानं सांगायचं, लाल फडकं डोक्यावर, आणि तोंड बंद. बाद माणूस शत्रूची जागा सांगू लागला की सामन्याला अर्थ राहत नाही. रंगाच्या गोळीसारखा डाग इथे राहत नाही, सगळं प्रामाणिकपणावर आहे. कपड्यावर, बुटावर, पाठीवरच्या बॅगेवर लागलं तरी बाद. आपटून उसळलेली बीबी धरत नाहीत. हे नियम मैदानागणिक बदलतात, आधी विचारून घ्यावेत. सामन्यानंतर दहा मिनिटं गोल करून बसवतात आणि विचारतात : काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. कुणाची चूक हा प्रश्न मुद्दाम येऊ देत नाहीत. ही सवय टीमनं सोबत घेऊन जावी.

हवामान आणि जमीन यांचं थोडं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर पन्हाळ्याच्या बाजूला पाऊस हटत नाही, जांभा शेवाळतो, घोटा मुरगळायला एक पाऊल पुरे. विघटनशील बीबी दमट हवेत फुगतात आणि नळीत अडकतात, म्हणून पाकीट फोडलं की हवाबंद डब्यात. उन्हाळ्यात उघड्या माळावर अकरानंतर खेळू नये, इथले लोकही तेव्हा वेळ सकाळी साडेसहाची करतात. माणशी तीन लिटर पाणी लागतं, मैदानावर एकच टाकी आहे. तांबडी धूळ बारीक असते, ती नळीतून हॉप-अपच्या रबरावर बसते आणि दुपारी नेम भरकटायला लागतो. मागितलं तर सळई आणि सुती पट्टी देतात. कोरडी पट्टी एकदा फिरवायची, रबरावर तेल लागू द्यायचं नाही, तेल लागलं की फिरकीच बसत नाही. पूर्ण बाह्या, घोट्यावर येणारे बूट, पँट मोज्यात खोचलेली. गवतात गोचीड आहेत. माळावरच्या सुट्या दगडांखाली फुरसं असू शकतं, तेव्हा आडोसा घेताना हात टेकण्याआधी बघायचं. प्रथमोपचाराची पेटी आहे, गाडीही उभी असते. कुणाला काही चावलं तर कापणं-चोखणं न करता, तो भाग न हलवता थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्यायचं, हे सकाळच्या सूचनांत सांगतात.

जेवण चांगलं आहे, पण वेळ चुकीची. शनिवारी दुपारी मटण, तांबडा-पांढरा आणि भात. चव उत्तम, आणि त्यानंतर उतारावर पळायचं. अडीच ते साडेतीनचा तास सगळ्यांचाच ढिला जातो. दुपारी झुणका-भाकरी आणि ताक ठेवून रस्सा संध्याकाळी द्यावा.

वॉकीटॉकी इथे देत नाहीत, आपली आणली तर चालते. आणताना बघून आणा. परवान्याशिवाय वापरायची मुभा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या हँडसेटना आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, सगळ्या पट्ट्यांवर बोलणारे सेट यात येत नाहीत. सहा जणांत दोनच सेट पुरतात : नेता आणि दाबून धरणारी जोडी. सहाही जणांच्या कानात आवाज गेला की कुणीच जोडीदाराचं ऐकत नाही. शिट्टीचा वर सांगितलेला प्रश्नही यानं सुटतो.

बंदुकांचं म्हणाल तर भाड्याच्याच वापरा. बाहेरून मागवलेली एअरसॉफ्ट कस्टममध्ये अडकते, आणि दिसायला ती हुबेहूब खऱ्यासारखी असते. स्वतःची घ्यायचीच असेल तर पैसे भरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत विचारून या. रस्त्यानं नेताना बंद पेटीत, मॅगझिन आणि बॅटरी वेगळी. सराव म्हणून रंकाळ्यावर किंवा पेठेतल्या मैदानात बाहेर काढायची नाही, खेळणं आहे हे लांबून कुणाला कळत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत शेजारच्या फडात माणसं असतात. तेव्हा उसाकडची बाजू बंद ठेवतात आणि त्या कडेला एक मार्शल कायम उभा असतो.

बुकिंग फोनवर होतं. करताना चार गोष्टी स्पष्ट विचारा : तुकडी किती जणांची (बाराच्या वर असेल तर पुढची तारीख घ्या), बीबी 0.28 ची मिळेल का, सहा जण एकत्र राहतील का, आणि खोल्यांच्या तासाऐवजी जोडीचा सराव जास्त घेता येईल का. शेवटची विनंती आधी कळवली तर मान्य करतात. जाण्याआधीच्या आठवड्यात संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या जागेत काठ्या घेऊन "निघतो, धरलंय, पोचलो" अर्धा तास करून जा. शनिवारच्या जोडीच्या सरावातला पहिला तास वाचतो आणि तो पिछाडीच्या सरावाला मिळतो.